अवेळी वाजलेली थाळी

सुरगाण्याच्या डोंगरात मी ज्या घरात भाड्याने राहते, तिथे रेडिओ पुढच्या ओट्यावर ठेवला की मी जिथे काम करते ते आमचं केंद्र लागतं आणि तोच रेडिओ मागच्या पडवीत नेला की गुजरात लागतं. बटणाला हात लावावा लागत नाही. चुलीजवळ मात्र दोघांची झटापट चालते. भाताला खत कधी टाकायचं हे मी सांगायला घ्यावं आणि वाक्य संपायच्या आत कुणी गुजराती बाईने लोणच्यात मेथी किती घालायची ते सांगून मोकळं व्हावं, असा प्रकार.

घरमालकीण साठीच्या पुढची. मी तिला मावशी म्हणते. मुलगा आणि सून कळवणला कामाला असल्यामुळे घरात आम्ही दोघीच. मावशीच्या लेखी दोन केंद्रं नव्हतीच. रेडिओ एकच आणि तो माझा. संध्याकाळी मी घरी आले की ती मला सांगायची, "आज दुपारी तुमचा रेडिओ गुजरातीत बोलला बरं का. चांगलं बोलला." जणू मीच बोलले होते. सुरुवातीला मी समजावून सांगायचे की ते राज्य वेगळं, माणसं वेगळी, आमचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझंच कौतुक करायची. शेवटी मी नाद सोडला. गुजरातीचं कौतुक तर गुजरातीचं.

मी मूळची नाशिकची, कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कॉलनीत वाढलेली. मला अर्धवट गोष्टींचा राग येतो. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. अशा बाईने सरहद्दीवरच्या छोट्या रेडिओ केंद्रात नोकरी धरावी हा विनोदच आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड आणि टेकाडावर एक मनोरा. सकाळचा शेतीचा कार्यक्रम मी मराठीत करते, संध्याकाळचा कोकणीत, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, माझा सहकारी. तो इथलाच, माझ्याहून लहान, मला ताई म्हणतो. कागदोपत्री आमचा आवाज तालुक्याबाहेर जायला नको. पण डोंगराला कागद कोण वाचून दाखवणार? कधी पलीकडच्या गावातून फोन येतो, आणि कधी शेजारच्या पाड्यावर आम्ही ऐकू येत नाही. आपल्याला नक्की कोण ऐकतं, हे मला कधीच कळलेलं नाही. कोणी ऐकतं की नाही, इथपासून शंका.

ही आषाढातली गोष्ट. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, ऐन भरात होती. दुपारी मी घरी आले तर मावशी ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसलेली. केस मोकळे, कपाळाला राख. चूल विझलेली आणि दार सताड उघडं. मला वाटलं कोणी गेलं.

"मावशी, काय झालं?"

"वारं आलं," ती म्हणाली. माझ्याशी बोलताना ती मराठीकडे वळते. "चुलीपाशी बसलेले. रेडिओत थाळी वाजली. डोंगऱ्यादेवाची. मग मला काही कळलं नाय."

थाळी म्हणजे काय ते मला तोवर माहीत झालं होतं. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि चिमटीत धरून वरून खाली ओढत राहतात. थाळी वाजत नाही, घुमते. त्या घुमण्यावर भगत डोंगऱ्यादेवाची गाणी म्हणतो. हे सगळं मार्गशीर्षात, भात घरात आल्यावर. ज्यांच्या अंगात देव येतो त्या माउल्या, मग बाई असो की पुरुष. त्यांनी सण उरकेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, जमिनीवर निजायचं आणि सगळ्यांनी मिळून एका चुलीवर रांधून खायचं. शेवटी देवाला डोंगरावरच्या त्याच्या गडावर पोचवलं की मोकळं. हे सगळं मी आमच्याच केंद्रासाठी कार्यक्रम करताना शिकले होते.

"पण आता तर आषाढ आहे," मी म्हटलं.

"तेच तर," मावशी म्हणाली. "मला काय विचारतेस? तुझ्याच रेडिओला विचार."

मी आत जाऊन भात टाकला. ताट वाढून आणलं तर तिने हात मागे घेतले. माझ्या हातचं चालणार नव्हतं. स्वतः रांधायचं तर घरात शिरता येत नव्हतं. आणि बाहेर तीन दगड मांडून रांधलं असतं तरी उपयोग नव्हता. "माउल्यांनी मिळून रांधायचं असतं, पोरी. एका चुलीवर. मी एकटी कोणाबरोबर रांधू?"

मी चक्रावले. तिचं म्हणणं तिच्या जागी अगदी बरोबर होतं आणि त्याच्यातून बाहेर पडायला कुठेही फट नव्हती. मार्गशीर्षात पंचवीस माणसं बरोबर असतात, म्हणून उपास सोपा. आषाढात ती एकटी. आणि तिला शुगर होती. सरकारी दवाखान्यातून आणलेली गोळी जेवणाशिवाय घ्यायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर बजावलेलं. मावशीने प्रश्नच मिटवला, जेवण नाही आणि गोळीही नाही. फक्त कोरा चहा, तोही माझ्या समजुतीखातर.

मी तशीच छत्री घेऊन केंद्रावर गेले. सहकाऱ्याला विचारलं, तर त्याचा चेहराच उतरला.

"ताई, शप्पथ. मी नाय लावली. आता थाळी लावतात का? आमच्यात तर तिला नुसता हातबी नाय लावत या दिवसांत."

आम्ही कॉम्प्युटर पाहिला. मार्गशीर्षातली रेकॉर्डिंगं त्यात होती, जिथल्या तिथे. मग मला आठवलं की सकाळी लाइट गेली होती आणि मी समोरच्या टपरीवर चहाला गेले होते. लाइट परत आली की आमचं मशीन कधी कधी आपल्या मनाने कुठूनही गाणं सुरू करतं. एकदा पीकविम्याच्या माहितीत त्याने लावणी घुसवली होती. म्हणजे आम्हीच लावली असेल? की चुलीपाशी त्या क्षणी गुजरात जिंकत होतं?

पलीकडच्या केंद्राचा नंबर शोधून फोन लावला. तिकडचा माणूस गोड होता. अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलत त्याने सांगितलं की लोकसंगीताचा एक कार्यक्रम त्यांच्याकडे बाहेरून तयार होऊन येतो, त्यात काय काय असतं ते त्यालाही ठाऊक नसतं. "जोई लईश, बेन," म्हणजे बघतो ताई, असं म्हणून त्याने फोन ठेवला. तो अजून बघतोच आहे. मलाही आजपर्यंत कळलेलं नाही की ती थाळी कुणी वाजवली.

त्या वेळी मात्र मला फार राग आला होता. कुणावर ते ठरवता येत नव्हतं, म्हणून आणखीच. मशीनवर, गुजरातवर, मावशीवर. एक घास खाल्ला तर कोणता देव खाली उतरून जाब विचारणार होता? आणि हे मनात येताच वाटायचं, बाई गं, तू कोण ठरवणारी? तिने माझ्यावर विश्वास ठेवून रेडिओ लावला. मी नेम धरून बोलते आणि गोळी भलतीकडेच लागते, तर मी बोलतेच कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचे हात थरथरत होते. चहाचा पेला तिला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. मी दवाखान्यात नेते म्हटलं तर म्हणाली, "देव अंगावर घेऊन दवाखान्यात जाऊ?" मला सरळसरळ भीती वाटली. देवाची नव्हे, तिच्या शुगरची. नंतर नंतर दोन्हींत फरक करणं जमेना.

सहकाऱ्याने मोटरसायकल काढली आणि आम्ही भगताच्या पाड्यावर गेलो. भगत म्हणजे कोणी जटाधारी असेल असं मला वाटलं होतं. अंगावर प्लॅस्टिकचा कागद पांघरून एक म्हातारा गुडघाभर चिखलात आवणी करत होता, तोच भगत. मी बांधावर उभी राहून माफी मागायला सुरुवात केली. कोणाच्या वतीने मागत होते ते मलाच माहीत नव्हतं. आमच्या वतीने मागावी तर कदाचित आमची चूक नव्हती. गुजरातच्या वतीने मागायचा मला अधिकार नव्हता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. हातातली रोपांची जुडी संपवली, मग पाठ सरळ केली.

"आणखी कोणी ऐकली?"

"माहीत नाही, बाबा."

"रेडिओ काय एका म्हातारीसाठी वाजतो का? आणखी असतील. ज्याच्या त्याच्या ओट्यावर बसले असतील उपाशी." त्याने सहकाऱ्याकडे पाहिलं. "त्यांना गोळा करा. एका चुलीवर जेवू द्या. मग मी देवाला पोचवतो."

"आता गडावर कसं जाणार? ओढे भरलेत," सहकारी म्हणाला.

"गडावरून आला का तो? रेडिओतून आला. रेडिओतूनच जाईल."

परत येताना मी मागच्या सीटवर बसून विचार करत होते की यातलं काय हसण्यासारखं आहे आणि काय नाही. मला ठरवता आलं नाही. आपल्या ओट्यावर उपाशी बसलेल्या आणखी बायका असतील, आणि प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असं वाटत असेल, हे मात्र डोक्यातून जाईना. आमचा आवाज कुठे कुठे पोचतो हे कळायची मला एवढी हौस होती. ती अशी फिटेल असं वाटलं नव्हतं.

नाशिकला साहेबांना फोन केला. आमचं केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत परवाना दिसतो.

"धार्मिक विधी? हवेवर? मॅडम, परवाना जाईल आपला."

"सर, बाई दोन वेळा जेवलेली नाही. तिला शुगर आहे."

"मग डॉक्टरांना बोलवा. आणि लोककला म्हणून काही करायचंच असेल तर रेकॉर्ड करा, मला पाठवा. मी ऐकतो, मग ठरवू."

दुपारी भगत आला तेव्हा मी त्याला भीत भीत विचारलं की आधी रेकॉर्ड केलं तर चालेल का. त्याने पायाचा चिखल पायरीवर पुसला. "बाई, डबीत भरलेला देव बाहेर सांडला, म्हणून तर हे झालं. आता पुन्हा डबीत भरू?"

मी साहेबांना पुन्हा फोन केला नाही.

आम्ही हवेवर सांगितलं. सहकाऱ्याने कोकणीत, मी मराठीत: काल अवेळी थाळी ऐकून कोणाला वारं आलं असेल त्यांनी केंद्राला फोन करावा. मग माझ्या मनात आलं, पलीकडे कोणी असेल तर? मी माझ्या मोडक्या गुजरातीत तेच सांगितलं. कशी बोलले देव जाणे. सहकारी तोंडावर हात धरून बसला होता.

मी मनात म्हणत होते, फोन येऊ नये. आला तर आपलं खरं नाही. आणि त्याच वेळी म्हणत होते, एक तरी येऊ दे, नाहीतर मावशी कोणाबरोबर जेवणार?

केंद्राचा मोबाईल वाजला. घाटाखालच्या पाड्यावरचा एक म्हातारा होता. तो सांगत होता की कालपासून तो गोठ्यात बसून आहे आणि सुनेला वाटतंय की त्याला वेड लागलं. मग दोघी जावांचा एकच फोन आला. दोघींना एकदम आलं होतं. मग एक बाई, आवाज दुरून, बोलणं निम्मं गुजरातीकडे झुकलेलं. ती सरहद्दीच्या पलीकडे होती. घरात ती आणि आजारी नवरा, बाकी कोणी नाही.

"काल कोणत्या रेडिओवर ऐकलीत थाळी?" मी घाईघाईने विचारलं. अखेर निकाल लागणार म्हणून.

"तुमच्याच की," ती म्हणाली. "तुम्हीच नाय का, आता गुजरातीत बोलल्या त्या?"

मी तिचा नंबर लिहून घेतला. मावशी हे ऐकत असती तर म्हणाली असती, बघ, मी काय सांगत होते.

गोळा करणं काही शक्य नव्हतं. ओढ्यावरची फरशी पाण्याखाली होती, जीप घाट उतरत नव्हती, आणि पलीकडची बाई नवऱ्याला सोडून येणार नव्हती. एक चूल कुठून आणायची? मी भगताकडे पाहिलं. मला वाटलं आता हा हात झटकून उठेल आणि आवणीला जाईल. तो थाळीला मेण लावत होता. मेण घट्ट बसेना म्हणून त्याने ते तळहातावर मळून मऊ केलं.

"सगळ्यांना जाळ एकदम लावायला सांग," तो म्हणाला. "पीठ एकदम मळायचं. घास एकदम घ्यायचा. कोणी पुढं नाय, कोणी मागं नाय. मग चूल एकच झाली."

"असं चालतं, बाबा?"

"चालतं का ते मला काय ठाऊक? असं कधी कोणी केलंय का आधी?" तो हसला. त्यालाही नक्की माहीत नव्हतं, आणि हे ऐकून मला कालपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

मावशीला आम्ही केंद्राच्या मागच्या शेडमध्ये आणलं. तिने स्वतः तीन दगड मांडले. स्टुडिओची खिडकी त्या शेडकडे उघडते. एरवी आवाज नको म्हणून ती बंद असते, त्या दिवशी मी सताड उघडली. पत्र्यावरचा पाऊस थेट माईकमध्ये शिरत होता आणि मी काही केलं नाही.

भगत गायला लागला. हेडफोनमध्ये थाळीचं घुमणं एवढं जवळ होतं की दातांना जाणवत होतं. मध्येच थांबून तो सांगायचा, आता जाळ लावा. सहकारी ते पुन्हा कोकणीत सांगायचा, मी पलीकडच्या बाईसाठी फोनवर. तिचा फोन मी चालूच ठेवला होता, कारण तिचा रेडिओ मध्येच आम्हाला सोडून तिकडच्या गाण्यांवर जात होता. मावशीची चूल पेटली. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ तिने परातीत घेतलं. मळताना तिचा हात दोनदा परातीवरून घसरला. मी खिडकीतून बघत होते आणि मला उठून जाता येत नव्हतं.

"आता घास घ्या," भगत म्हणाला आणि थाळी घुमवत राहिला.

मावशीने भाकरीचा तुकडा मोडला. घाटाखालचा म्हातारा आणि दोघी जावा आपापल्या ठिकाणी मोडत असणार. मी फोनमध्ये विचारलं, "बेन, घेतला का घास?"

"लाकडं ओली आहेत," पलीकडून आवाज आला. "पेटतच नाय. धूर नुसता."

सहकाऱ्याने माईकवर बाकीच्यांना थांबवलं, मी खिडकीतून मावशीला खूण केली, थांब. हात हलवताना मला कळलं की मी काय करते आहे. सबंध दिवस जिने खावं म्हणून मी धडपडले, तिला मीच घास धरून ठेवायला सांगत होते. एका न पाहिलेल्या बाईच्या ओल्या लाकडांसाठी.

घास तोंडापाशी धरून मावशी बसून राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता. त्या क्षणी मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, खा म्हणून. देव, चूल, गुजरात, सगळं मरू दे. आणि तरीही मी फोन कानाला लावून ओरडत होते ते त्या दुसरीला, "घासलेट आहे का घरात? कागद? जुनी टोपली तोडा, टोपली!"

फोनमध्ये टीक टीक वाजायला लागलं. दुसरा फोन येत होता. साहेब. त्यांना कोणीतरी कळवलं असणार. मी पडद्यावर त्यांचं नाव पाहिलं आणि लाल बटण दाबलं. मग क्षणभर वाटलं की चुकून पलीकडची बाई तर कापली गेली नाही ना.

"बेन? बेन, आहात का?"

काही नाही. थाळी घुमत होती. भगताचा आवाज बसत चालला होता पण तो थांबत नव्हता. सहकारी माझ्याकडे बघत होता.

मग फोनमध्ये काटक्या तडतडल्याचा आवाज आला. मग पीठ थापल्याचा. ती बाई कोणाशीतरी बोलली, बहुधा नवऱ्याशी. भाकरी भाजायला लागतो तेवढा वेळ लागलाच.

"हां," ती म्हणाली, "मोडला तुकडा."

मी खिडकीकडे वळले. मावशी माझ्याकडेच बघत होती. घास अजून हातात होता.

"पलीकडलीचं झालं?" तिने विचारलं.

मी मान हलवली आणि सहकाऱ्याने माईकवर सगळ्यांना घास घ्यायला सांगितलं. मग तिने घास तोंडात घातला.